तारेची साल

नव्वदच्या दशकात तुर्भ्याच्या एका औषध कंपनीत मी गोळ्या तपासायचे. रोज त्याच गोळ्या. जीव विटला होता. म्हणून आमच्या सरांनी तांब्याच्या गाळणीचा प्रयोग हाती घेतला, तेव्हा मी हट्टाने त्यात शिरले. तांब्याच्या तारेचं भेंडोळं काचेच्या नळीत ठासायचं, त्यातून विषाणू मिसळलेलं पाणी सोडायचं आणि ते मरतात का, बघायचं. हे विषाणू माणसाला निरुपद्रवी, फक्त जिवाणूंवर जगणारे. गाळलेलं पाणी जिवाणूंबरोबर काचेच्या बशीत पसरून ठेवायचं. सकाळी जिवाणूंच्या दुधाळ सायीला भोकं पडलेली दिसली, की समजायचं, विषाणू जिवंत आहेत.

आमच्या सायीची रोज चाळण व्हायची. तार शुद्धातली शुद्ध हवी म्हणून सरांनी विजेच्या मोटारीत गुंडाळतात ती, वाइंडिंगची आणली होती, त्यामुळे तिच्यावर शंका घ्यायची सोयच नव्हती. शेवटी सर म्हणाले, "शनिवारी भोकं दिसली, की तू परत गोळ्यांवर." मला रडूच आलं.

त्याच आठवड्यात नेरूळच्या आमच्या सोसायटीचा पंप जळला. गेटपाशी मेकॅनिक त्याची मोटार उघडून बसला होता. "ताई, आज पान्याचं काय खरं नाय," तो म्हणाला. माझं लक्ष पाण्याकडे कुठलं! त्याने उपसून टाकलेल्या वाइंडिंगच्या तारा काळ्या पडल्या होत्या आणि त्यांचे पापुद्रे निघत होते. तांब्याला पापुद्रे? मी नखाने एक खरवडला. आत लालबुंद तांबं! म्हणजे या तारेवर वार्निशचा पारदर्शक थर असतो, आणि आम्ही महिनाभर पाणी वार्निशवरून गाळत होतो. मी तिथेच मोठ्याने हसले. मेकॅनिक माझ्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी तार बर्नरवर जाळली, आम्लात बुडवली, खळखळून धुतली. चिंच लावून घासलेल्या घागरीसारखी ती झळाळली. "सर, बघा तरी!" सर नळी भरायला स्वतः बसले.

शनिवारी सकाळी टेबलावर दोन बश्या. न गाळलेल्या पाण्याची नेहमीसारखी भोकाभोकांची. दुसरी हातात घेतली आणि मी किंचाळलेच. सलग, अखंड साय! सरांनी ती खिडकीशी नेली आणि उजेडात कितीतरी वेळ फिरवून पाहिली.

"एकही नाही?"

"एकही नाही, सर!"

त्यांनी बशी परत माझ्या हातात दिली. "मग सोमवारपासून गोळ्यांना दुसरं कोणीतरी शोधायला हवं."