बारा मीटर मांजरपाट आणि वासण्यातली लिफ्ट

बडोदा बघायला चाललोय, असं घरी सांगितलं. आईनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडून घरी बसलेल्या पोराकडे कोण कारणं मागतं! खरं कारण तन्वी. शाळेपासूनची मैत्रीण, सध्या बडोद्यात चित्रकला शिकते. तिला एक गोष्ट विचारायची आहे एवढं कळवलं होतं, पण ती फोनवर विचारण्यासारखी नव्हती.

अमळनेरहून पहाटे निघायचं, सुरतेला गाडी बदलायची. जनरलनं दोनशेच्या आत काम होतं, पण पाठीचं भुस्काट पडतं. बडोदा स्टेशनाबाहेर तन्वी दिसली, बोटं कोळशानं काळी. पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं, तेवढ्यात ती म्हणाली, "बरं झालं आलास. मांडवीच्या बाजारातून बारा मीटर मांजरपाटाचं कापड उचलायचंय."

आधी सेव उसळ खाल्ली. तर्री जपून घ्या, मी जपलो नाही आणि दिवसभर भोगलं. मांडवीत शेअर रिक्षानं जा, गाडी नेऊ नका. दुकानदार गुजरातीत भाव सांगतो, तुम्ही मराठीत कमी करा, दोघांना कळतं. गठ्ठा माझ्या खांद्यावर, तन्वी पुढे चालतेय. माझं शहरदर्शन हे एवढंच.

दुपारी बाजव्याला गेलो. रिफायनरीचा वास पहिला तासभर डोक्यात जातो, मग नाक सोडून देतं. तिथे तन्वीच्या ओळखीतल्या पद्मामावशीच्या दोन खोल्या. मूळची धुळ्याकडची, नवरा प्लांटवर कंत्राटात, ती रोज दोन रिक्षा बदलून वासण्यातल्या एका सोसायटीत धुणीभांडी करते. सातवा मजला, चार घरं.

"लिफ्टला पाटी आहे, कामवाल्यांनी वापरायची नाही," तिनं चहा देत सांगितलं. "त्यांचा कुत्रा लिफ्टनं जातो ने. मी जिन्यानं. गुडघे गेले माझे, कुत्र्याचे ठणठणीत."

वासण्यातल्या अशा बायकांना हंसाबेननं एकत्र आणलंय. ती स्वतः तिथेच स्वयंपाकाला जाते. त्यांचं ठरलं होतं असं: कापडावर तन्वीनं खऱ्या मापाची लिफ्ट रंगवायची, आत बायकांच्या आकृत्या, आणि रविवारी सोसायटीच्या मीटिंगला ते कापड फाटकासमोर धरायचं. सोसायटीत राहणाऱ्या दोन बायका मीटिंगमध्ये पाटीचा विषय काढणार होत्या. त्यांना तयार करायला हंसाबेनचे चार महिने गेले होते.

हंसाबेन आणि बाकीच्या बायका आल्यावर अंगणात कापड अंथरलं. पद्मामावशी त्यावर आडवी झाली, तन्वीनं कोळशानं तिच्याभोवती रेघ ओढायला घेतली.

"अगं गुदगुल्या! आणि कमरेला जरा कमी काढ ने."

"जे छे ते छे, पद्माबेन!" हंसाबेन ओरडली, म्हणजे जे आहे ते आहे. सगळ्या हसल्या.

आकृत्यांचे चेहरे मात्र कोरे. मी विचारलं तर तन्वी म्हणाली, "चेहरा शेवटी. जिची आकृती, तिनं सांगितलं तरच."

मी काय केलं, ते आता सांगतो. पद्मामावशी कापडावर पडून हसतेय, असा फोटो काढला होता. संध्याकाळी तो ऑनलाइन टाकला. सोसायटीचं नाव घालून खाली नऊ ओळी लिहिल्या, एकेक ओळ पेटती. तन्वीला टॅग केलं. तिनं वाचावं म्हणूनच लिहिलं होतं सगळं.

रविवारी सकाळी वासण्याला पोचलो, तर पद्मामावशी फाटकाबाहेर उभी. वॉचमन खाली बघत म्हणाला, "मासी, आज से अंदर नहीं. साहब लोगों ने फोटो देखा है."

तन्वीनं फोन माझ्यासमोर धरला. "हे कुणाला विचारून टाकलंस?"

"अगं पण खरंच आहे ना सगळं!"

"चेहरा कुणाचा आहे?"

मला वाटलं होतं, तो नियम कापडापुरता. फोटो काढून टाकला, पण तो सोसायटीच्या ग्रुपवर कधीच फिरला होता. माझं डोकं सटकलं, म्हटलं मी आत जाऊन सेक्रेटरीशी बोलतो.

"तू बस तिथे, भाई," पद्मामावशी म्हणाली. "तुझ्या बोलण्यानं माझी चार घरं गेली ने."

हंसाबेननं फोन लावले. अर्ध्या तासात त्या इमारतीतल्या कामवाल्या एकेक करून खाली आल्या, भांडी सिंकमध्ये तशीच टाकून. सगळ्या फाटकाबाहेर बसल्या. कापड उघडलं, एका टोकाचा बांबू माझ्या हातात दिला. बोलायचं नाही, हलायचं नाही. अडीच तास उन्हात उभा होतो. घोषणा नाहीत, काही नाही. गॅलरीतून लोक खाली बघत होते आणि हात भरून येत होते. इतका वेळ गप्प मी आयुष्यात राहिलो नव्हतो.

शेवटी सेक्रेटरी आला. म्हणाला, पद्माबेननं कामावर यावं, लिफ्टचं पुढे बघू. आत मीटिंगमध्ये लिफ्टचा विषय निघालाच नव्हता. त्या दोन बायका गप्प बसल्या, सगळा वेळ माझ्या फोटोवर गेला.

"एक घर आजच उरकते," म्हणत पद्मामावशी आत गेली. जिन्यानं.

स्टेशनवर तन्वी सोडायला आली. "काहीतरी विचारायचं होतं ना तुला?"

"नंतर."

"बरं. आवजो," ती म्हणाली. बडोद्याचे लोक निरोप घेताना म्हणतात तसं. आवजो म्हणजे या. मी ते सुरतेपर्यंत धरून बसलो होतो, मग झोप लागली.

घरी येऊन आठ दिवस झाले, खांदे अजून दुखतात. हे लिहिलं आणि टाकायच्या आधी पद्मामावशीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तिनं नाव बदलायला सांगितलं. पद्मा तिनंच निवडलं, लहानपणापासून आवडतं म्हणे. नवऱ्याच्या प्लांटचं नाव काढायला लावलं. फाटकापाशी तिला रडू आलं, असं एक वाक्य होतं.

"ते काढ. घाम होता तो."

काढलं.

"आणि लिफ्टचं काय झालं, ते लिहिलंस?"

"काही झालंच नाही ना, मावशी."

"मग तसं लिही ने."

तर, पाटी अजून आहे. मावशी रोज सात मजले चढते. कापड हंसाबेनकडे घडी करून ठेवलंय, चेहरे कोरेच आहेत.