माह्याच डफड्यावर माही दवंडी

"ऐका हो ऐका! मांगायच्या मसनवटीचा ताबा तहकूब झाला हो!"

हे मीच ओरडलो. भर दुपारी, गावाच्या सगळ्या गल्ल्यायनं, माहंच डफडं माह्या गळ्यात घालून. मागं पाटलाचा गडी. आवाज जरा खाली आला का तो म्हणे, जोरानं. पारावर लोक बसले होते. कोणी हासलं, कोणी खाली पाह्यलं. एका म्हाताऱ्यानं पान थुकलं अन् म्हणला, मांगाचं मांगालेच वाजवा लागलं. मी त्याच्याकडं पाह्यलं नाई. वाजवाचं टिपरू हातात होतं, हात चालू होता. हाताले सवय असते, लाज नसते.

सकाळी हेच डफडं मी दुसऱ्याच कामासाठी शेकलं होतं.

आमच्याकडं कोर्टाचा ताबा डफड्याशिवाय होत नसे. वावर असो का घर, तालुक्याहून बेलीफ येते, कागद वाचते, मांग डफडं वाजवते, अन् मंग म्हणायचं, ताबा झाला. माह्या बापानं जल्मभर हेच केलं, त्याच्यामागं मी. दुसऱ्यायच्या किती ताब्यायले वाजवलं त्याचा हिशोब नाई. आपल्या सोताच्या ताब्याले वाजवीन असं मात्र सपनातही नव्हतं.

मसनवटी म्हणजे नाल्याच्या वरतं एक तुकडा. आमच्या पाच घरायचे मढे तिथंच पुरलेले. माहा बापही तिथंच, हिवराच्या झाडाखाली. मायनं त्याच्या उशाशी एक चपटा दगड रोवला होता. दरसाल अखजीले, अक्षय तृतीयेले, ती तिथं जाये, पाण्याची घागर ठेवे, अन् बापाशी बोलत बसे. कधी त्याले रागवे, कधी माह्या चहाड्या सांगे. म्हणे, मी मेली का मले ह्या दगडाच्या डाव्या अंगाले ठेवजो.

पाटलाचं वावर त्याले लागून होतं. एका साली त्यानं मधातला धुरा, बांधच, मोडला अन् आमच्या मढ्यायवरून वखर घातला. आम्ही हात जोडले. तो म्हणला, तुमच्या बापाचा सातबारा दाखवा. मेलेल्यायचा सातबारा कोण काढते? पण तालुक्याले एक वकील भेटला, भला माणूस. पाच घरं मिळून आम्ही मुन्सफ कोर्टात गेलो. चार वर्सं भाकर बांधून पायी पायी तारखा केल्या. अन् बापा, निकाल आमच्या बाजूनं लागला! जागा मसनवटीची, पाटलानं सोडावी, असा हुकूमनामा.

वकील म्हणले, "आता बसू नका. आजच्या आज ताब्याची दरखास्त टाकू."

इथं आम्ही माती खाल्ली.

घरी येऊन मायले सांगतलं. ती रडली, मंग म्हणली, ताबा अखजीच्या तोंडावर घेऊ. अखजीले पुर्वजायले पाणी देते, त्याच दिवशी त्यायच्याच जाग्यावर घागरी ठेवू. पाची घरायले ते पटलं. मलेही पटलं. कोर्टानं एकदा म्हणलं म्हणजे झालं, आता कोण हलवते, असंच वाटलं आमाले. महिनाभर आम्ही थांबलो. बायायनं मडके आणले, गेरूनं रंगवले. दरखास्त उशिरा टाकली.

त्या महिन्यात पाटील काही बसून नव्हता. तो वरच्या कोर्टात अपिलाले गेला.

अखजीच्या दोन दिवस आधी बेलीफ आला. आम्ही सगळे मसनवटीच्या काठाशी उभे. माय नवं लुगडं नेसून आलेली, डोक्यावर घागर. मी तुराट्याच्या जाळावर डफडं शेकलं. कातडं असं तणलं होतं का बोट लावलं तरी बोले. बेलीफानं कागद काढला. मी टिपरू उचललं. तेवढ्यात पाटील घोड्यावरून आला, मागं त्याचा कारकून. कारकुनानं दुसरा कागद बेलीफाच्या हाती देला.

बेलीफानं तो दोनदा वाचला. मंग आपला कागद घडी करून खिशात घातला. म्हणला, "वरच्या कोर्टाचा हुकूम आहे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत बजावणी तहकूब. माझ्या हातात काही नाही."

मी तसाच उभा. टिपरू वरतं. एक थाप पडली असती तर ताबा झाला असता, असं मले तवा वाटलं. वकील नंतर म्हणले, तसं नसते. असन. पण ती थाप अजून माह्या हातात अडकून आहे.

पाटील घोड्यावरूनच बोलला. "काऊन बे, शेकलेलं डफडं वाया काऊन घालवतं? गावात दवंडी दे. ताबा तहकूब म्हणून सांग."

बेलीफ हळूच म्हणला, असं काही कागदात नाही. पाटील म्हणला, दवंडी गावाची आहे, कोर्टाची नाई. बेलीफानं आपलं दप्तर आवरलं. अन् मी गेलो. काऊन गेलो? बलुतं त्याच्या हाती, घर त्याच्या गावात, अन् माहे पाय जल्मापासून त्याच्या शब्दासंगं चालत आलेले. माय मागं उभी होती, घागर डोक्यावर तशीच.

वकिलायले इचारलं, निकाल आमचा अन् जागा त्याची, हे कसं? ते म्हणले, निकाल कायम आहे, फक्त थांबवला आहे. तोवर जसं आहे तसं राहते. वरच्या कोर्टानं पाटलाकडून जामीन लिहून घेतला आहे, तुमचं नुकसान झालं तर भरून द्याचा. मी म्हणलो, साहेब, मढ्याच्या जाग्याचं नुकसान कशानं भरते? त्यायनं पुढची तारीख लिहून माह्या हाती देली. माह्याकडं दुसरा वकील नव्हता.

मिरगात पाटलानं तिथं जवारी पेरली. बापाचा दगड वखरात लागला असन, तो उचलून नाल्याकडच्या धुऱ्यावर फेकला. माय रोज जाये, लांबून पाहे, वापस ये. जवारी गुडघ्याएवढी झाली अन् मायनं खाट धरली. मी आपला तारखा करत होतो. अपिलात तारखेच्या पुढं तारीखच निंघे. शेवटी शेवटी ती एकच इचारे, "लागला का रे निकाल?" मी म्हणे, लागन माय. खोटं बोललो मी तिच्यासंगं, शेवटच्या दिवसापर्यंत.

पोळ्याच्या पाच दिवस आधी ती गेली. मसनवटीत जवारी डोलून राह्यली होती, अन् पाटलाचे चार गडी धुऱ्यावर बसलेले. आम्ही तिले खाली नाल्याच्या काठाले पुरलं. तिथं खणलं का पाणी लागते. ओल्या गाऱ्यात ठेवलं मी माह्या मायले. वरतून दगड रचले, पूर आला तर वाहून जाऊ नये म्हून. बाप वरतं, माय खालतं. मधात पाटलाची जवारी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाटलाचा सांगावा आला. तोरणाखाली पहिला मान त्याच्या बैलायचा, अन् डफड्याशिवाय तोरण तुटत नसे. माहा काका म्हणला, तुले सुतक आहे, तेच सांग, बला टळन. खरंच होतं. सुतकवाल्याले कोणी बोलावत नाई. पण रातभर माह्या डोक्यात एकच चाललं. आज सुतक सांगतलं, तर पाच दिवसानं सुतक फिटन. मंग?

मी तोरणापाशी गेलो. रिकाम्या हातानं. ज्या बैलायनं माहा बाप वखरला, ते झुली घालून उभे होते. पाटलानं मले पाह्यलं अन् सोताच वाट काढून देली. "सुतक आहे का बे तुले?"

"सुतकाचं नाई सांगून राह्यलो. मी वाजवत नाई."

सारं गाव आयकत होतं. पाटलानं एक गडी शेजारच्या गावाले धाडला. बैल दीड घंटा उभे राह्यले, मंग साखरखेर्ड्याहून दुसरा वाजवणारा आणला, तोरण तुटलं. दुसऱ्या दिवशी आमचं बलुतं बंद. पाची घरायचं. काका अजून माह्यासंगं बोलत नाई. त्याचं चुकते असंही मी म्हणत नाई.

अपील अजून चालूच आहे. डफडं खुंटीले आहे, कातडं सैल पडलं. मी ते शेकत नाई. लग्नाले नाई, दवंडीले नाई, कोणाच्याच ताब्याले नाई. वकिलायले मी सांगून ठेवलं आहे, निकाल लागला का त्याच दिवशी दरखास्त, अमावस्या असली तरी. तोवर दर तारखेले मी कोर्टाच्या दारात उभा राहीन. ताबा मिळन त्या दिवशी डफडं शेकीन, अन् मायले नाल्यातून उचलून वरतं आणीन. पाटलाची जवारी उभी असली, तर तिच्यातून आणीन.