निळा खांदा

दादाला जाऊन वर्ष होत आलं. दुकानातलं त्याचं स्टूल अजून रस्त्याकडे तोंड करून आहे. मी ते कुणाला हलवू दिलेलं नाही.

पूर्वी ते भिंतीकडे असायचं. बीडमध्ये दादा फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. पंप उघडताना गिऱ्हाइकाकडे पाठ करायची, हा त्याच्या उस्तादाने घालून दिलेला नियम. हुनर दिसला की चोरीला जातो, असं उस्तादाचं म्हणणं. वडील गेले तेव्हा दादाने सातवीत शाळा सोडली आणि पुढे मला शिकवलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. आपल्या हातचं एखादं काम कंपनीने मान्य करावं, एवढी एकच हौस त्याला होती.

गावात नेट कॅफे नुकताच आला होता. पंप बनवणाऱ्या एका कंपनीने वेबसाइटवर स्पर्धा ठेवली: वापरणाऱ्यांनी सुधारणा सुचवायच्या, एकमेकांच्या वाचायच्या, त्यावर लिहायचं, आणि शेवटच्या तारखेपर्यंत आपली सूचना बदलता यायची. पंपाचा अरुंद पट्टा खांद्यात रुततो, म्हणून त्याखाली कापडाची जाड घडी शिवावी, असं दादाचं म्हणणं. मी ते टाइप करून पाठवलं.

चौथ्या दिवशी यवतमाळकडच्या एका कापूसवाल्याने खाली लिहिलं, ‘कापड औषध पितं. दिवसभरात खांदा भाजेल.’

दादा भडकला. "सगळ्यांपुढं कशाला टाकलीस, माय? आता चोरतेत बी अन् वरून शिकवतेत बी!"

दोन दिवसांनी त्याने पंपात निळीचं पाणी भरलं, खाली कापडाची घडी घेऊन तो पाठीवर बांधला आणि दुकानामागे तासभर फेऱ्या मारल्या. मग सदरा काढला. झाकणातून पाझरलेल्या पाण्याने खांदा निळाशार झाला होता.

"खरं हाय की गं," तो हळूच म्हणाला.

त्या दिवशी तो पहिल्यांदा पट्टा घेऊन शेजारच्या सायकलवाल्या चाचांकडे गेला. चाचा म्हणाले, "पैले का न्हाई विचारलं बे? मी काय तुझी कल्पना खाऊन टाकतो?" आणि त्यांनी कापडावर सायकलची जुनी ट्यूब चढवून दिली.

आम्ही सुधारून पाठवलं. कापूसवाल्याने पुन्हा लिहिलं, ‘आता बरं. पण अंगावर औषध सांडलं तर पट्टा एका झटक्यात सुटला पाहिजे.’ दादाने ओढताच सुटणारा हूकही बसवला. शेवटच्या सूचनेखाली त्याचं, चाचांचं आणि कापूसवाल्याचं, अशी तिघांची नावं घालायला त्यानेच सांगितलं.

पहिला नंबर आला. कॅफेत दादाने मला निकाल तीनदा वाचायला लावला. "त्या कापूसवाल्याचं नाव बी वाच. मोठ्यानं!" मागे उभे असलेले चाचा डोळे पुसत होते आणि कॅफेवाल्यालाच दटावत होते, "पंखा कमी कर बे, डोळ्यात धूळ जाती."

पुढच्या हंगामात कंपनीचे नवे पंप आले, आमच्या पट्ट्यासकट. कापसात फवारणाऱ्यांच्या खांद्यावर तो दिसला की माझी मान आजही आपोआप ताठ होते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले, तर दादाने स्टूल फिरवलेलं. पंप घेऊन आलेलं गिऱ्हाईक दारातच थबकलं. "आज तोंड इकडं कसं, मिस्त्री?"

दादाने त्याच्यासमोरच झाकण उघडलं. "बस. बघ. अन् चुकलं तर सांग."