पाऊण इंच

आमच्या मास्तरांचं माप चुकलेलं मी बावीस वर्षांत एकदाच पाहिलं, आणि तेही त्यांनी मुद्दाम चुकवलं. मी त्यांच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करते. सुई हातात असली तरी हिचे डोळे गावभर असतात, असं मास्तर म्हणतात. म्हणोत बापडे.

माप घ्यायचे ते, वहीत लिहायची त्यांची लेक. लेक म्हणजे पोटची नव्हे; मास्तरांनी लग्नच केलं नाही. दुकानावरच्या खोलीत एक बाई भाड्यानं राहायची. तिचा नवरा मूल जन्मायच्या आधीच कामाच्या नावाखाली निघून गेला, तो गेलाच. बाई तापानं वारली तेव्हा पोर चार महिन्यांची. मास्तरांनी तिला कापडाच्या ताग्यांमध्ये निजवलं आणि तिथून पुढे वाढवलं. लंगोट बांधायला त्यांना मी शिकवलं. पहिल्या दिवशी आधी माप घ्यायला निघाले होते! पोरीला हे सगळं ठाऊक आहे. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली. मास्तर तिचा प्रत्येक कपडा तसाच कापतात, कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्या सोमवारी एक पन्नाशीचा माणूस कोट शिवायला आला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर टेप ठेवली आणि त्यांचा हात थांबला. तेवढ्यात त्यानं छताकडे बघत विचारलं, पूर्वी इथे वर एक बाई राहायची, तिचं पुढे काय झालं? वर गोदाम आहे, मास्तर म्हणाले. मग लेकीकडे न बघता त्यांनी माप सांगितलं, "खांदे सरळ. फरक नाही."

माझ्या बोटात सुई घुसली. त्याचा खाली उतरलेला डावा खांदा मला बसल्या जागेवरून दिसत होता. लेकीनं मान खाली घालून लिहून घेतलं.

तो गेल्यावर मास्तरांनी मला मागच्या खोलीत गाठलं. चेहरा पांढराफटक. हिचा बाप तोच आहे, म्हणाले, आता हिला घेऊन जाईल. मी म्हटलं, ती काय कापडाचा तागा आहे उचलून न्यायला? पण भीती मलाही होती. रक्ताचं नातं पुढे उभं राहिलं की माणसं केलेलं सगळं विसरतात, मी पाहिलंय. त्यात मास्तरांनी आपल्याच हातानं घोळ घातलेला. सरळ खांद्यांचा कोट त्या माणसाला बसणार नव्हता. चुणी पडली की तो पुन्हा येणार, पुन्हा पुन्हा येणार, आणि कधीतरी लेक आरशात त्याच्या शेजारी उभी राहणार. खरं माप सांगावं, तर आधी का लपवलं ते सांगावं लागणार. कोट कापत होती लेकच. तीन दिवस मास्तरांची नजर दारावर. चहा गार व्हायचा, हातातला खडू मोडायचा.

गुरुवारी तो आला. मास्तर कोटाला हात लावेनात, तो लेकीनंच त्याच्या अंगावर चढवला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर चुणी औषधालाही नाही!

तो आरशात बघत राहिला. कोटाकडे नाही, मागे उभ्या लेकीकडे. मग त्यानं मास्तरांना विचारलं, "मुलगी तुमची?"

मास्तर गळ्यातली टेप काढून गुंडाळायला लागले. मला वाटलं, संपलं सगळं.

"त्यांचीच," लेक म्हणाली आणि कोट घडी करायला मागितला.

त्यानं पैसे मोजून ठेवले. मग कोट घेऊन गेला.

मास्तर स्टुलावर बसले. लेकीनं वही उघडून त्यांच्यापुढे धरली. सोमवारच्या पानावर तिनं पहिल्यापासूनच लिहिलं होतं: डावा, पाऊण इंच खाली.

"कोट बसला नसता तर तो परत आला असता, बाबा," ती म्हणाली. "आणि तुम्ही पडलात सरळ माणूस. तीन दिवस मला एकच भीती, तुम्ही त्याला सांगून टाकाल आणि मला देऊन टाकाल."

मास्तरांनी वही मिटली आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला. त्या दिवशी माझ्याकडून एकही बटण लागलं नाही.