सरांचे पारोळ्याचे इंग्रजी

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या मराठी शाळेतले इंग्रजीचे सर एकाही मुलाचा उच्चार दुरुस्त करीत नसत. सुरतेत वाढलेली मुले ‘हॉल’ला ‘होल’ म्हणत, खानदेशातून नुकती आलेली ‘शर्ट’ला ‘सर्ट’. सर मूळचे खानदेशातल्याच पारोळ्याचे; तेही ‘सर्ट’च म्हणत. अर्थ चुकला तर मात्र ते वाक्य पुन्हा वाचायला लावीत.

मी पुण्याहून प्रशिक्षण घेऊन नवीनच रुजू झाले होते. एकदा न राहवून टोकले. सर हसले. “ताई, तुमचं इंग्रजी पुण्याचं, माझं पारोळ्याचं. साहेबाचं दोघांचंही नाही. पोऱ्या वाची राह्यना ना? मंग वाचू द्या.”

आणि मुले खरोखरच वाचत. घरी केवळ अहिराणी बोलणाऱ्या मुलीही धड्यातला आपला परिच्छेद हट्टाने मागून घेत.

पुढे आसपास इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या आणि आमचा पट घटू लागला. मुख्याध्यापिकांनी मला सरांच्या आठ तासिकांना बसून त्यांच्या उच्चारदोषांची यादी करण्यास सांगितले. मी ती केली. दिनांक, धडा, शब्द, सरांचा उच्चार, शुद्ध उच्चार असे पाच रकाने आखले. त्यात खोटे काहीही नव्हते.

सरांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली. “अक्षर सुरेख आहे,” म्हणाले. मग माझे पेन मागून घेऊन त्यांनी खाली एक शब्द वाढवला. “हा राहिला होता, ताई.”

इंग्रजीचे तास माझ्याकडे आले. सरांनी महिनाभर माझ्या वर्गात बसून उच्चार सुधारावेत, असाही आदेश निघाला. ते वही घेऊन शेवटच्या बाकावर बसत. चौथ्या दिवशी मी वाचायला सांगितले, तर कोणीच उठेना. मुलांची अडचण ओळखून सर स्वतः उभे राहिले. माझ्यासारखे वाचण्याचा त्यांनी प्रयत्न केला. प्रत्येक शब्दापूर्वी ते थांबत, ओठ जुळवून पाहत. तिसऱ्या ओळीत अडकले ते अडकलेच. कोणी हसले नाही. मुले खाली पुस्तकात पाहत राहिली.

“बसा,” मी म्हणाले. विद्यार्थ्याला म्हणावे त्याच सुरात.

निवृत्तीपर्यंतची तीन वर्षे त्यांनी भूगोल शिकवला. निरोपसमारंभात मीच पुढे होऊन म्हटले, “सर, मुलांसाठी दोन वाक्ये इंग्रजीत बोला ना.”

त्यांनी समोरच्या मुलांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“नको, ताई,” ते हळूच म्हणाले. “चुकेल.”