गाडी तापेपर्यंत

गिअरबॉक्सवालीला सगळी गल्ली दांडगी म्हणायची, आणि ते काही उगाच नाही. एका गिऱ्हाइकाने कामाला नावं ठेवली, तर बाईने त्याला कॉलर धरून त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर आडवा केला होता. बाप गेल्यावर गॅरेज तिनेच चालवलं, धाकट्या भावाला लहानाचं मोठं केलं, आणि लग्नाचं विचारायला आलेल्यांना असं काही सुनावलं की पुन्हा कोणी फिरकलं नाही. तोंड फटकळ, हात त्याहून फटकळ.

आणि त्या दुपारी हीच बाई आपल्याच गॅरेजात मुकाट उभी होती. समोरच्या लोखंडी खांबाला तिचा भाऊ बांधलेला. नाकातोंडातून रक्त, एक डोळा सुजून बंद. शेजारी भावाच्या मालकाचा पुतण्या, हातात चाकाचे नट खोलायचा लांब पाना. दारात दोन धटिंगण, त्यांच्यामागे मालकाची गाडी.

भाऊ या मालकाकडे ड्रायव्हर. मालकाचा एकुलता एक मुलगा परवा गेला. चौकात वेग कमी करताना गाडी बंद पडली, काय झालं बघायला मुलगा खाली उतरला, आणि मागून आलेल्या ट्रकने त्याला चिरडलं. भाऊ पहिल्यापासून हेच सांगत होता. पण नंतर पोलिसांनी चावी फिरवली तर गाडी लगेच सुरू! मालकाने घराभोवती चार फेऱ्या मारल्या, एकदासुद्धा कुरकुरली नाही. त्यात त्याच दिवशी सकाळी मुलाने भावाच्या कानाखाली वाजवलेली, सगळ्या नोकरांसमोर. आता सांगा, कोण विश्वास ठेवणार?

"कबूल केलंय याने. मुद्दाम बंद केली म्हणाला," पुतण्या म्हणाला.

"इतकं झोडपल्यावर तूसुद्धा कबूल करशील, मेल्या!"

पाना भावाच्या बरगडीत बसला. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता हुंकारला. आपण तोंड उघडलं की मार त्याला बसतो, हे दांडगीच्या ध्यानात आलं आणि तिने ओठ आवळले. मग ती मालकाकडे वळली. तो ऑइलच्या रिकाम्या पिंपावर बसला होता, दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

"मालक, ही ऑटोमॅटिक गाडी थंड असताना चालणारच. वेग घेतला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट धरतात, वेग उतरला की सोडतात. सोडायचं काम बोटाएवढ्या एका व्हॉल्व्हचं. ऑइल तापलं की तो अडकत असणार. मग चाकं थांबताना इंजिनालाही थांबवतात. गाडी तापवा आणि बघा."

"तू काहीतरी करून ठेवशील तिला."

"मी हात लावत नाही. तुम्ही चालवा, मी नुसती शेजारी बसते."

मालक उठला. "बंद पडली तर तुझा भाऊ तुझा. नाही पडली तर तो इथून चालत जाणार नाही."

गॅरेजमागच्या सरळ रस्त्याने चौकापर्यंत जायचं, थांबायचं, परत यायचं. पहिली फेरी लोण्यासारखी गेली. गॅरेजच्या दारात गाडी लागली, मालकाने काचेतून 'नाही पडली' अशी मान हलवली, आणि आत पुतण्याने पाना उचलून भावाला हाणला. दुसरी फेरी, तसंच. या वेळी भाऊ ओरडला. दांडगीने सीटचा कापडी कोपरा मुठीत इतका आवळला की शिवण उसवली. तिला खाली उतरून त्या पुतण्याचा गळा धरायचा होता, आणि बसून राहायचं होतं. आयुष्यभर गाड्या चालू व्हाव्यात म्हणून राबलेली बाई मनात गाडीला म्हणत होती, मर की गं बये! मर एकदाची!

"असं नाही तापायची लवकर," ती म्हणाली. "ब्रेक दाबून ठेवा आणि ॲक्सिलरेटर द्या."

"गिअरबॉक्स जळेल."

"जळू दे! माझा भाऊ मरतोय तिकडे!"

मालकाने दोन्ही पाय रेटले. इंजिन बोंबललं, गाडी जागच्या जागी कापायला लागली, जळक्या ऑइलचा वास नाकात शिरला. मग त्याने ब्रेक सोडला, गाडी सुसाट निघाली, आणि चौकाच्या तोंडाशी त्याने वेग उतरवला. गाडी थरथरली, एक हिसका बसला आणि भर रस्त्यात गप्प झाली.

मागून हॉर्न. मालकाने आरशात पाहिलं आणि त्याचे हात स्टिअरिंगवर जाम झाले. ट्रक इतक्या जवळून गेला की बाहेरचा आरसा उखडून घेऊन गेला. मालकाने गाडी चालू केली, गिअर टाकला, पुन्हा बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मग त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि लहान मुलासारखा रडायला लागला. दांडगीला त्याची दया आली, याचाच तिला भयंकर राग आला.

"रडा नंतर! चला आधी!"

पण तापलेली गाडी हलेना. थोडी निवल्यावर ती सुरू झाली, आणि दोघं परतले.

गाडी आपल्या चाकांवर दारात येताना पुतण्याने पाहिली. त्याने मालकाच्या मानेकडे बघितलंच नाही.

"आली की चालत!" म्हणाला, आणि पाना भावाच्या बांधलेल्या उजव्या हातावर घातला. काडकन आवाज आला. दार उघडत मालक ओरडला, "थांब! थांब, बंद पडली होती!" तोवर दुसरा घावही बसला होता.

दांडगी कशी पोचली तिचं तिला कळलं नाही. तिने पाना हिसकावला आणि पुतण्याच्या तोंडावर असा हाणला की तो खाली बसला आणि दात थुंकू लागला. धटिंगण पुढे सरकले, मालकाने हात आडवा केला. ती आणखी मारणार होती. पण मागून भावाने हाक मारली.

"ताई."

तिने पाना टाकला, दोर सोडला. तो तिच्या अंगावरच कोसळला. त्याचा उजवा हात नुसता लोंबत होता, बोटं कुठल्या कुठे वळलेली. तो हाताकडे बघतही नव्हता.

"ताई, खरंच बंद पडली गाडी? आपोआप?"

"पडली रे राजा. मालकच चालवत होते."

"म्हणजे मी नव्हती केली," तो म्हणाला. "त्या सकाळी मालकांच्या मुलाने मारलं तेव्हा मनात आलं होतं माझ्या, मरावा म्हणून. हे लोक विचारत राहिले, मी हो म्हणत राहिलो, मग मलाच वाटायला लागलं, केली असेल मीच."

दांडगीने त्याचं डोकं छातीशी धरलं. गल्लीने तिला पहिल्यांदाच हुंदके देऊन रडताना ऐकलं.