आतड्यानं ऐकलं नाही

अमेरिकेतल्या मॅडिसनच्या विद्यापीठात व्हर्ना टोलेफसनला सगळे 'अंडीवाल्या बाई' म्हणत. कोंबडीच्या अंड्याला नखाएवढी खिडकी पाडायची, आतल्या इवल्याशा गर्भाचं जठर नाहीतर आतडं काढायचं, आतलं अस्तर आणि भोवतीचं मऊ आवरण वेगळं करायचं, मग एकाचं अस्तर दुसऱ्याच्या आवरणात घालून तिसऱ्याच अंड्यात वाढवायचं, हे तिचं काम. देवानं नीट शिवलेलं उसवायचं म्हणून ती सुई हातात घेण्याआधी मनातल्या मनात माफी मागून घेई.

निबंध प्रोफेसर कीटिंग लिहीत. व्हर्नाचं नाव शेवटी आभारात, काचसामान धुणाऱ्याच्या शेजारी. एकदा तरी ते वर, लेखकांत यावं, एवढीच तिची हाव होती.

शेजारचं आवरण सांगेल तसं अस्तर घडतं, हे जठरापुरतं जुनंच ज्ञान होतं. आतड्याचं अस्तर मात्र हट्टी, कुणाचंच ऐकत नाही. त्यानं व्हर्नाच्या हाताखाली ऐकलं! जठराच्या आवरणात गुंडाळलेल्या आतड्यात जठरासारख्या पाचकरसाच्या ग्रंथी उगवलेल्या दिसल्या.

कीटिंग म्हणाले, "व्हर्ना, हे पक्कं झालं तर पहिलं नाव तुमचं."

अजून पक्कं व्हायचं होतं. पण रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तिला कुठला धीर? तिनं सांगून टाकलं. पुढच्याच रविवारी पास्टर लुंड वेदीपुढून गरजले, "चांगला शेजार मिळाला तर आतड्याचंही जठर होतं! मग माणसाचं का होणार नाही?"

सगळ्यांच्या माना ऑरिनकडे वळल्या. ऑरिन म्हणजे व्हर्नाचा नवरा. लग्न झाल्यापासून ती त्याला भजनमंडळ, बायबलवर्ग अशा चांगल्या आवरणांत गुंडाळत आली होती आणि तो गोठलेल्या तळ्यावर मासे धरत आला होता. आत्ता तो घोरत होता.

पक्कं करायची रीत सोपी होती. आतडं लावा पक्ष्याचं होतं, आवरण कोंबडीचं. रंग दिला की लाव्याच्या प्रत्येक पेशीत गडद ठिपका दिसतो, कोंबडीच्या नाही. या कामात आधी रंग, मग आनंद, असा नियम. व्हर्नानं क्रम उलटा लावला होता.

सोमवारी तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ग्रंथींत एकही ठिपका नव्हता. ग्रंथी कोंबडीच्याच! आवरण सोलताना जठराचं स्वतःचं अस्तर थोडं चिकटून राहिलं होतं, तेच वाढलं होतं. लाव्याचं आतडं सगळे ठिपके मिरवत शेजारी आतडंच होऊन बसलं होतं.

नमुन्याची काच हातात होती, धुऊन टाकायला मोरी दोन पावलांवर. कीटिंगनी अजून पाहिलं नव्हतं. देवानं पाहिलं होतं, ही एक पंचाईत. तिनं काच कीटिंगच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून पाहिली. "म्हणजे आतडं ऐकत नाही."

"नाही ऐकत."

"हे तर पुस्तकात आहे, बाई!"

रविवारी तिनं तळघरात पास्टरनाही गाठलं. ओव्हनमधल्या हॉट डिशचा वाढायचा डाव तसाच हातात धरून ते म्हणाले, "आता प्रवचन कसं परत घेऊ? आणि उपमा चांगली होती हो."

"चांगली होती, पण खोटी होती ना, पास्टर."

ऑरिन लेफ्साला, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीला, लोणी लावत होता. "मला विचारायचं होतंस," तो म्हणाला. "एवढी वर्षं तुझ्या आवरणात आहे मी. झालं माझं जठर?"

व्हर्नाला आधी राग आला, मग हसू.

पुढं कीटिंगनी छोटंसं टिपण छापलं: सोलताना अस्तर मागं राहिलं तर जाणकारही कसा फसतो. वर पहिलं नाव व्हर्ना टोलेफसन.

"हे काय?" ती म्हणाली.

"शब्द दिला होता. आणि फसलं कोण? मी तर तोवर काच बघितलीसुद्धा नव्हती."

ऑरिननं ते पान तळ्यावरच्या आपल्या मासेमारीच्या खोपटात चिकटवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो अभिमानानं दाखवी, "ही माझी बायको. चुकली ती छापून आली. नाहीतर आपण!"